बाबांच्या हाताखाली नवी गाडी सारखी बंद का पडते? केबलच्या रेसवरून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवर येताना

साताऱ्याहून एकांनी विचारलंय: "बाबांनी वीसेक वर्षं मारुती ८०० चालवली. आता घरात नवी १.२ लिटरची पेट्रोल गाडी आली, पाच गिअरची मॅन्युअल. बाबांच्या हाताखाली ती सारखी बंद पडते. रेस दिली की क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम उसळते. गिअर बदलताना पाय उचलला तरी इंजिनचा आवाज वरच राहतो. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढताना दोनदा बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले, तेव्हापासून बाबा किल्लीला हात लावत नाहीत. वय झालं म्हणतात. शोरूमवाले सांगतात की दोष काही नाही, सवय होईल. खरंच दोष नाही का? आणि सवय करायची तर कशी?"

गाडीत बहुधा दोष नाही, आणि बाबांच्या हातात तर नाहीच. आधी गॅरेज चालवलं आणि आता गाडी शिकवतो, त्यामुळे हे रोज बघतो. नवशिक्या मुलांना या गाड्यांचा काही त्रास होत नाही, त्यांना दुसरं काही माहीतच नसतं. अडखळतात ते पट्टीचे जुने ड्रायव्हर. त्यांच्या उजव्या पायाला एक हिशेब पाठ असतो, आणि नव्या गाडीत नेमका तोच हिशेब बदललेला असतो. वयाचा यात काही संबंध नाही, हे बाबांना आधी सांगा.

जुन्या ८०० मध्ये रेसच्या पेडलपासून एक केबल थेट इंजिनपर्यंत जायची. पाय जितका दाबाल तितकी ती ओढली जायची आणि हवेच्या वाटेतली गोल झडप, म्हणजे थ्रॉटल, तितकी उघडायची. मध्ये कुणी नाही. शिवाय ७९६ सीसीचं इंजिन आणि जेमतेम साडेसहाशे किलोंची गाडी. पायाच्या अंगठ्याची हालचाल झाली की इंजिनच्या आवाजात लगेच कळायचं. बाबा क्लच आणि रेस यांचा मेळ कानाने घालत आलेत.

नव्या गाडीत ती केबल नाही. पेडलच्या बुडाशी सेन्सर आहेत, एक नव्हे दोन, एकाने चुकीचं सांगितलं तर दुसऱ्याशी ताडून बघता यावं म्हणून. पाय किती दाबला हे ते इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला कळवतात. ईसीयू त्यावरून ठरवतो की या माणसाला किती ताकद हवी आहे. मग आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) किती, इंजिन गरम आहे का, एसी चालू आहे का, हे सगळं बघून तो थ्रॉटल बॉडीतल्या छोट्या मोटरला झडप किती उघडायची ते सांगतो. पेडल अर्धं दाबलं म्हणजे झडप अर्धी उघडली, असं आता होत नाही. कंपनीने जो तक्ता भरून ठेवलाय त्याप्रमाणे ती उघडते. काही गाड्यांमध्ये इको आणि स्पोर्ट अशी बटणं असतात. इंजिनची मूळ ताकद त्यांनी वाढत नाही, मुख्यतः बदलतो तो हा तक्ता. म्हणून तुमच्या गाडीत इको मोड असेल तर शिकण्याच्या काळात तो बंदच ठेवा.

बाबांना जाणवणारा तो "क्षणभर" इथे आहे. मोजायला गेलं तर सेकंदाचा छोटासा अंश, पण क्लच सोडताना गाडी बंद पडायला तेवढा वेळ पुरतो. जुना ड्रायव्हर क्लच आणि रेस एकाच ठेक्यात हलवतो. क्लच वेळेवर पकडतो, रेस मागे राहते, इंजिन दबतं. घाबरून पाय आणखी दाबला जातो, तोवर पहिली मागणीही पोचलेली असते, आणि गाडी उसळते. तुम्ही लिहिलेल्या पहिल्या दोन तक्रारी अशा एकाच कारणाच्या आहेत.

तिसरी तक्रार, आवाज वर राहण्याची, हे ईसीयूचं जाणूनबुजून केलेलं काम आहे. रेसवरून पाय झटकन उचलला आणि झडप धाडकन बंद झाली, तर हवा एकदम तुटते, पण आतल्या भिंतींना चिकटलेलं पेट्रोल उडून सिलिंडरमध्ये जातच राहतं. हवा कमी, पेट्रोल जास्त, अर्धवट जळालेला धूर बाहेर. तो टाळण्यासाठी ईसीयू झडप हळूहळू बंद करतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं मानक लागू झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा पुढचा टप्पा आला, ज्यात प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराचाही हिशेब धरला जातो. त्यामुळे हा सावधपणा आजच्या गाड्यांत ठळकपणे जाणवतो. शोरूममध्ये "तेवढं कमी करून द्या" म्हणून उपयोग नाही, ते त्यांच्या हातात नसतं.

मात्र एक गोष्ट नीट तपासा, कारण यात फसगत होते. क्लच दाबलेला असताना आरपीएमचा काटा रेंगाळतो, तो हा प्रकार. क्लच पूर्ण सोडलेला आहे, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर रेस देताय, काटा वर चाललाय आणि गाडीचा वेग मात्र तेवढा वाढत नाही, असं असेल तर क्लच प्लेट घसरतेय. नव्या गाडीत हे व्हायचं कारण नाही, पण जुनी गाडी विकत घेतलेले लोक दोन्हींची गल्लत करतात.

आता सवयीचं. "सवय होईल" हे उत्तर मला पटत नाही. नुसतं चालवत राहिलं तर जुनाच हिशेब घट्ट होत जातो आणि माणूस दरवेळी घाबरत जातो. काय बदलायचं ते आधी कळलं पाहिजे, आणि ते गर्दीत कळत नाही. सकाळी लवकर एखादं सपाट मोकळं मैदान गाठा. तुम्ही शेजारी बसा, पण सूचना देऊ नका. मुलगा शेजारून बोलायला लागला की बाबांचं लक्ष इंजिनवरून उडतं.

निघण्याआधी बसणं बघा. नव्या गाडीचं पेडल फार हलकं असतं, केबल ओढायची नसल्याने फक्त स्प्रिंगचा जोर. ८०० मध्ये पूर्ण पाय उचलून दाबण्याची सवय असेल तर इथे पाय तरंगतो, खड्ड्यात गाडी उडाली की पाय उडतो आणि रेस आपोआप कमी-जास्त होते. टाच जमिनीला टेकलेली हवी आणि काम चवड्याने व्हायला हवं. त्यासाठी सीट कदाचित एक-दोन खाचा पुढे घ्यावी लागेल. पातळ तळव्याचा बूट घाला. चप्पल नको, जाड स्पोर्ट्स शूजही नकोत. पायाखालचं मॅट सरकत नाही ना, तेही बघा. वरून टाकलेलं जाड रबरी मॅट पेडलखाली अडकतं आणि लोक दोष सेन्सरला देतात.

इंजिन आधी गरम होऊ द्या. सकाळी चालू केल्यावर पहिला मिनिटभर काटा हजाराच्या बराच वर असतो, कारण सायलेन्सरच्या वाटेतला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवायचा असतो. तेवढ्यात क्लच सोडला तर गाडी आपल्याआप ओढते आणि बाबांना वाटतं काहीतरी बिघडलंय. काटा खाली येऊन सात-आठशेच्या आसपास स्थिरावला की सुरुवात करा.

पहिला पाठ: उजवा पाय ब्रेकजवळ तयार, रेसला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. पहिला गिअर टाकून क्लच अगदी सावकाश सोडायचा. क्लच पकडायला लागला की काट्याकडे बघा. तो किंचित खाली झुकतो, आणि तुम्ही क्लच तिथेच धरून ठेवलात तर पुन्हा वर येऊन जागेवर बसतो. तो परत येतो ना, ते ईसीयूचं काम. इंजिनवर ओझं आल्याचं त्याने ओळखलं आणि स्वतःच झडप उघडली. गाडी बिनरेसची चालायला लागते. क्लच पूर्ण सोडा, ती माणसाच्या भरभर चालीने जात राहील. ८०० ला हे क्वचितच जमायचं, म्हणून बाबांनी ते कधी करून बघितलं नसेल. हे पुन्हा पुन्हा करा. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांच्या चेहऱ्यावर पहिलं हसू इथे येतं: गाडी आपल्या विरोधात नाही, मदत करतेय, हे पायाला कळतं. क्लच पकडण्याची जागाही इथेच पक्की होते.

मग रेस. न्यूट्रलमध्ये १५०० वर काटा स्थिर ठेवायचा सराव करा. जुन्या सवयीने "भुर्र... भुर्र" करायचं नाही. चवडा थोडा दाबा आणि थांबा. काटा वर येतो, कधी जरा पुढे जाऊन मागे येतो. पाय तसाच ठेवा. तो स्थिरावेपर्यंत दुसरी मागणी करायची नाही. विहिरीवर पंप चालू करून पाटाच्या शेवटी पाणी यायची वाट बघतो, तसं. पाणी दिसत नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसत नाही. ज्यांना हे थांबणं जमलं त्यांचा निम्मा त्रास इथेच संपतो.

आता दोन्ही जोडा. क्रम असा: आधी रेस थोडी द्यायची, काटा बाराशे ते पंधराशेच्या मध्ये आला की पाय तिथेच रोवायचा, आणि मग क्लच सोडायचा. उजवा पाय पुतळ्यासारखा, कलाकुसर सगळी डाव्या पायाची. ८०० मध्ये दोन्ही पाय एकमेकांशी बोलत असायचे. इथे एकाने आधी बोलून गप्प बसायचं. गाडी चालती झाली आणि क्लच पूर्ण सुटला की मग रेस वाढवा.

गिअर वर टाकताना होणारा धक्का जायला दोन वाटा आहेत. एक म्हणजे घाई न करणं. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आला की क्षणभर रेंगाळा, काटा उतरू द्या, मग पुढचा गिअर. सोपी वाट आहे आणि बाबांनी इथूनच सुरुवात करावी. दुसरी वाट जास्त सफाईची. रेसवरून पाय क्लच दाबायच्या किंचित आधी उचलायचा. गाडी अजून गिअरमध्ये असते, इंजिन चाकांना बांधलेलं असतं, त्यामुळे त्याचा आरपीएम मोकाट राहू शकत नाही, आणि तेवढ्या वेळात ईसीयू झडप मिटवून घेतो. मग क्लच दाबला की काटा पटकन खाली येतो. फार आधी पाय उचलला तर गाडी नाक खाली घालते, उशिरा उचलला तर आवाज चढतो. मधली जागा प्रत्येक गाडीची वेगळी, ती आठवडाभरात सापडते. यात क्लचवर घासून आवाज दाबायचा मोह होतो. रेंगाळलेला आरपीएम अर्ध्या क्लचवर मारून खाली आणणं म्हणजे प्लेट जाळणं.

खालचा गिअर टाकताना मात्र हेच रेंगाळणं कामाला येतं. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना जुने ड्रायव्हर क्लच दाबून रेसचा एक झटका देतात आणि मग गिअर टाकतात. चांगली सवय आहे, सोडू नका. फक्त झटका इतका छोटा नको की ईसीयू तो गिळून टाकेल. पाय जरा जास्त वेळ दाबा. वर आलेला काटा लगेच पडत नाही, त्यामुळे गिअर टाकून क्लच सोडायला उलट जास्त वेळ मिळतो. झटका देणं जमत नसेल तर वेग कमी करून क्लच सावकाश सोडा, तेही पुरेसं आहे.

बाजारातल्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये गाडी उड्या मारते, त्याचं कारण वेगळं. गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला आणि आरपीएम पुरेसा वर असेल तर ईसीयू पेट्रोल पूर्ण तोडतो. पुन्हा पाय ठेवला की पेट्रोल सुरू. या तोड-जोडीचा धक्का पहिल्या गिअरमध्ये सगळ्यात जास्त लागतो. म्हणून गर्दीत एक तर बिनरेसचं चालवा, नाहीतर गाडी हलली की दुसरा टाका. पाय उचलायचाच तर अर्धवट उचला, चवड्याचं वजन पेडलवर राहू द्या. ज्यांच्याकडे कंपनीची सीएनजी गाडी आहे त्यांनी गॅसवर असताना निघायला थोडी जास्त रेस धरावी, गॅसवर खालची ताकद कमीच असते. सराव सुरुवातीला पेट्रोलवर केलेला बरा.

टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, असलेल्या पेट्रोल गाडीत या उशिरात टर्बोचा उशीर मिसळतो. तिथे आरपीएम थोडा वर ठेवणं आणि वेळेवर खालचा गिअर टाकणं एवढाच उपाय, पाय कितीही दाबला तरी टर्बो फिरायला त्याचा वेळ घेणारच.

आता चढ, जिथे बाबांचा धीर सुटला. चढावर गाडी मागे येईल या भीतीने ब्रेकवरचा पाय उचलून झटक्यात रेस दाबली जाते आणि त्याच झटक्यात क्लच सुटतो. रेसची मागणी पोचेपर्यंत क्लच पूर्ण सुटलेला असतो. गाडी बंद. उपाय जुनाच आहे, हँडब्रेक. हँडब्रेक ओढा, रेस पंधराशेवर रोवा, चढ खडा असेल तर थोडी जास्त. क्लच सोडत या. गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं, आवाज जड होतो, काटा झुकतो. त्या जागी डावा पाय थांबवा आणि मग हँडब्रेक खाली करा. गाडी मागे येत नाही. हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी आपोआप धरून ठेवणारी सोय, असेल तर ब्रेक सोडल्यावर ते गाडी साधारण दोन सेकंदच धरतं. तेवढ्यात काम झालं पाहिजे, त्याच्या भरवशावर निवांत राहू नका.

काही जुने ड्रायव्हर चढावर उजव्या पायाने एकाच वेळी अर्धा ब्रेक, अर्धी रेस धरतात. बाबा करत असतील तर ते नव्या गाडीत सोडायला सांगा. पुष्कळ गाड्यांत दोन्ही पेडल एकत्र दाबली की ईसीयू ब्रेकचं ऐकतो आणि रेस तोडतो. अडकलेल्या पेडलमुळे गाडी पळू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती असायलाच हवी. पण चढावर ज्याला माहीत नाही त्याची गाडी नेमकी त्या क्षणी मान टाकते.

बाजारात "थ्रॉटल कंट्रोलर" नावाची डबी मिळते, पेडल आणि ईसीयूच्या मध्ये बसवायची. कुणीतरी ती सुचवेलच. ती इंजिनला काही देत नाही, फक्त पेडल थोडं दाबलं तरी जास्त दाबलंय असं ईसीयूला सांगते. ज्याला हलक्या पेडलवर ताबा मिळवायचाय त्याच्यासाठी गाडी आणखी उसळती होईल, आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. बाबांसाठी तर मुळीच नको.

दोष कधी समजायचा? स्वभाव रोज सारखा असतो, बिघाड लहरी असतो. कालपर्यंत बरी होती आणि आज उशीर वाढला, उभी असताना काटा वर-खाली पळतो, सिग्नलला थांबायला आली की आपोआप बंद पडते, किंवा इंजिनचा पिवळा दिवा लागून गाडी ठरावीक आरपीएमच्या वर जातच नाही, असं झालं तर स्कॅनर, म्हणजे ईसीयूत नोंदलेले दोष वाचणारं यंत्र, लावून घ्या. त्या शेवटच्या प्रकारात सेन्सरचे दोन आकडे जुळत नसतात आणि ईसीयू मुद्दाम ताकद रोखून तुम्हाला घरापर्यंत पोचवत असतो. थोड्या जुन्या गाड्यांत थ्रॉटल बॉडीत काजळी बसते, ती साफ केली की फरक पडतो. साफ करणाऱ्याने झडप बोटाने ढकलायची नाही आणि नंतर ईसीयूला नव्याने शिकवायची प्रक्रिया त्या मॉडेलप्रमाणे करायची. बॅटरी काढून लावल्यावरही काही दिवस आयडलिंग (रेस न देता इंजिनचं चालणं) विचित्र वाटू शकतं.

मैदानात बिनरेसचं निघणं आणि हँडब्रेकचा चढ सहज जमायला लागला की यवतेश्वरचा घाट घ्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी, आणि कासच्या फुलांचा हंगाम सोडून, म्हणजे मागे रांग लागणार नाही. वर जाताना सुरक्षित रुंद जागा बघून गाडी मुद्दाम बाजूला थांबवा आणि हँडब्रेकवरून पुन्हा निघा. उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवून पाय रेसवरून पूर्ण काढा. पेट्रोल तुटतं, इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. बाबांना हा भाग शिकवावा लागणार नाही, ८०० घेऊन ते हेच करत आले असतील.